गुळाचा खांब

सन १९४३, वैशाखातला एक सोमवार, ऊन चढायच्या आत. स्थळ: शहाद्याबाहेरचा खोल नाला, नव्या पुलाचा मधला खांब. हजर: सरकारी ओव्हरसियरसाहेब, गवंडी आणि त्यांची माणसं, पूल समितीचा चिटणीस म्हणून मी, आमच्या मामी, बोलावणं नसताना, आणि माझे मामा, ज्यांना बोलावण्याची वेळ आयुष्यात कधी कुणावर आलीच नाही. काम: खांबाभोवतीच्या साच्याच्या फळ्या काढणे.

फळ्या निघाल्या आणि खांब बसला. कढईतला शिरा ताटात उलटावा तसा आधी थोडा थरथरला, मग पोट सुटून हळूहळू खाली आला. ओव्हरसियरसाहेबांनी हातातली छडी त्यात खुपसली, ती मुठीपर्यंत आत गेली. ओतून पंधरवडा उलटलेलं सिमेंट! लढाईच्या दिवसांत सिमेंट म्हणजे सोनं. गेलेलं परत मिळणार नव्हतं. फक्त मामा पुढे झाले, त्यांनी बोटाला तो लगदा लावून निरखला आणि समाधानानं मान हलवली.

माझ्या मामांइतका भला माणूस तापीच्या या काठी झाला नाही, आणि त्यांच्या भलेपणानं झालं तेवढं नुकसान तापीच्या पुरानंही कुणाचं केलं नाही. मोडलेलं जोडायचं, सैल झालेलं घट्ट करायचं, रुसलेल्याला हसवायचं, या सगळ्यांवर त्यांच्याकडे एकच औषध: गूळ. बैल बसला, गूळ. भाऊबंदांत तंटा झाला, दोघांच्या तोंडात गूळ. एकदा त्यांच्या घराचं दार पावसात फुगून अडकलं, तर बिजागरीला गूळ चोळला; दुसऱ्या दिवशी मुंगळ्यांची रांग दारातून थेट देवघरापर्यंत. मामी ओरडल्या तर म्हणाले, "अवं, मुंगळा बी पाव्हनाच शे!" दुसरी खोड भाच्याची. आमच्याकडे मामानं भाच्याच्या पाया पडायची रीत आहे. सणावाराला लोक वाकल्यासारखं करतात आणि सोडतात. मामा सोडत नसत. पूल समितीच्या पहिल्याच बैठकीत मी कामांची वाटणी वाचत असताना ते परात आणि तांब्या घेऊन आले आणि ओव्हरसियरसाहेबांसमोर माझे पाय धुवायला बसले. "वाचो भाऊ, वाचो, तुम्हनं काम चालू द्या," म्हणाले. एक पाय परातीत ठेवून मी वाळू आणि खडीचा हिशेब वाचला. साहेब नाशिकचे, त्यांनी त्या दिवशी जे डोळे मोठे केले ते बैठक संपेपर्यंत तसेच होते.

पण पुलाची गोष्ट सांगायची तर ती मामांच्या जमिनीपासून सांगायला हवी. सरकारला नाल्यापलीकडे विमान उतरवण्यासाठी सपाट मैदान हवं होतं. सगळ्यांत सपाट निघाली मामांची केळीची जमीन. भाऊबंद म्हणाले, कोर्टात जा. मामांनी एका बोलण्यात जमीन देऊन टाकली. मागणी एकच, शहरापासून मैदानापर्यंतच्या रस्त्यावर पूल झाला पाहिजे. लोकांना वाटलं, मामांना विमानाचं वेड लागलं. खरं कारण घरातल्यांना ठाऊक होतं. त्यांची एकुलती एक मुलगी नाल्यापलीकडे ब्राह्मणपुरीच्या बाजूला दिलेली. आदल्या पावसाळ्यात पहिल्या बाळंतपणाला तिला माहेरी आणताना नाला भरून आला, गाडी पलीकडेच अडकली, आणि बाळ हाती लागलं नाही. आता पुन्हा तिला दिवस गेले होते. सातवा महिना लागला की मुलगी आणायची, ही रीत. आणि सातवा लागत होता आषाढात.

पुलाला काही होऊ नये म्हणून समितीत मी मामांना सगळ्यांत निरुपद्रवी काम दिलं होतं: सिमेंट कालवायच्या पाण्याची पिंपं भरणे.

"हा घातपात आहे," ओव्हरसियरसाहेब शेवटी म्हणाले. "दिवस कसले आहेत ठाऊक आहे ना? सरकारी पूल पाडतात लोक. मी फौजदाराला बोलावतो."

"फौजदार कसाले, सायेब?" मामा म्हणाले. "गूळ मीच टाका. पान्यामा."

"काय टाकलंत?"

"गूळ. मन्हा घरना. असा गूळ बजारमा बी नही. बापजाद्यासनी चुन्यामा गूळ टाका, त्या भिंती आजून उभ्या शेतीस. तुम्हनं सिमेट म्हंजे निस्ती राख! राखले धरी ठेवाले काही पाह्यजे का नही?"

साहेब खडीच्या ढिगावर मटकन बसले. चुन्याला चिमूटभर गूळ मानवतो आणि सिमेंटला तोच गूळ कधी आळूच देत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मामांनी दोन्ही वेळा कौतुकानं ऐकून घेतलं, जणू साहेब दूरदेशीच्या एखाद्या प्राण्याचं वर्णन करत आहेत. मला डोळ्यांसमोर तुरुंग दिसत होता. तुरुंग म्हणजे काय हे मामांना कळत नव्हतं असं नाही. गुळासाठी कुणी तुरुंगात जाऊ शकतं, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं.

तेवढ्यात मामी पदर खोचून पुढे आल्या. "हाई काय करी ठेवं तुम्ही? आते आषाढमा पोर कशी येई? इमानमा बशीसन येई का?"

मामांचं हसू तिथे गेलं. त्यांनी त्या लगद्याकडे पाहिलं, मग पलीकडच्या काठाकडे. ते खाली बसले. "तिनासाठेच टाका, सायेब," ते म्हणाले. "खांब मजबूत व्हवाले पाह्यजे म्हनीसन."

साहेबांनी मला बाजूला नेऊन विचारलं, कोण पोर? मी सांगितलं. त्यांनी छडीवरचा लगदा पुसून काढला. मग गवंड्यांना म्हणाले, "फौजदाराचं नंतर बघू. आधी हे उपसा."

सिमेंट संपलेलं, त्यामुळे खांब दगडचुन्यात उभारायचा ठरला. आणि चुना म्हटल्यावर गूळ आलाच! तो मागायला ओव्हरसियरसाहेबांना स्वतः मामांच्या ओट्यावर जावं लागलं. मामांनी ढेप दिली आणि जिंकल्याचं अवाक्षर काढलं नाही. एवढा धक्का मला खांब बसला तेव्हाही बसला नव्हता. साहेबांची अट एवढीच की, मामांनी लिंबाखाली बसून राहायचं. ते बसले, पण गूळ घालताना दरवेळी तिथून हाक यायची, "सायेब, हात आखडू नका!"

आषाढात खांब पुरा झाला. वर फळ्या टाकल्या होत्या, आणि कठडा फक्त वरच्या अंगाला, पाणी येतं त्या बाजूला, झाला होता. खाली गढूळ पाणी दोन्ही काठ धरून चाललेलं. मुलगी पलीकडे गाडीतून उतरली आणि पाणी पाहून थबकली. मामा तिच्या खालच्या अंगाला, उघड्या बाजूला जाऊन उभे राहिले. "चाल माय," म्हणाले, "मी शे ना कठडा." ती एक हात दगडी कठड्यावर आणि दुसरा बापाच्या खांद्यावर ठेवून आली. त्या आश्विनात तिला मुलगा झाला.

विमान आलं ते एकदाच. मैदानावर घिरटी घालून निघून गेलं. आम्ही सगळे तोंड वर करून पाहत राहिलो. लढाई संपली, मैदानात पुन्हा केळी लागल्या. फळ्यांच्या जागी फरशी आली. मुलगी माहेरी यायची त्या प्रत्येक खेपेला मामा नाल्यावर जात आणि उघड्या बाजूनं तिच्याबरोबर चालत येत. दुसरा कठडा कशाला, असं मीही म्हणत आलो.

मामा गेल्या माघात गेले. परवा ती आली, मुलाचं बोट धरून. मी पुलाच्या तोंडाशी उभा होतो. ती वरच्या कठड्याला लागून आली, आणि मुलालाही तिनं तिकडेच ओढून घेतलं. उघड्या बाजूला एका माणसाच्या चालण्याइतकी जागा तशीच मोकळी राहिली होती.

दगड येऊन पडला आहे. गवंडी होळीनंतर येतो म्हणाला होता, अजून आलेला नाही. खालच्या अंगाचा कठडा व्हायचा आहे.