गच्चीच्या बंद दाराशी

आधीच सांगतो, मी या ग्रुपवर चार वर्षं आहे ते तुमच्या भुताखेतांच्या, चमत्कारांच्या अनुभवांमधल्या चुका काढायला. जुन्या मेंबर्सना माझ्या कॉमेंट्स आठवत असतील... त्यामुळे आज मी लिहितोय म्हटल्यावर हसाल. हसा.

मी नागपूरचा, जरीपटक्याजवळ राहतो. लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. आजोबांनी छप्पन साली इथेच दीक्षा घेतली. तेव्हापासून नवस, उतारा, अंगारा हे शब्दच आमच्या घरात नाहीत, आणि याचा मला अभिमान होता. अजूनही आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिलचा महिना. सावनेरला मामाकडे साखरपुडा होता. तिथून दुपारी बाईकवर परत येत होतो. मी चालवत होतो, मागे माझा धाकटा भाऊ नितीन. हेल्मेट एकच होतं आणि ते माझ्या डोक्यावर होतं. वाटेत खिशातला फोन वाजला. मी डाव्या हाताने काढला, पाहिला... मान वर केली तर रस्त्याच्या कडेला उभा असलेला ट्रक अगदी समोर.

मला फक्त खरचटलं. नितीन शुद्धीवर नव्हता.

लोक जमले, कोणीतरी विचारलं काय झालं. माझ्या तोंडून निघालं, "कुत्रं आडवं आलं." पुढे पोलिसांना तेच सांगितलं, बाबांना तेच, नितीनच्या बायकोला, म्हणजे रुपालीलाही तेच.

नितीनला मिशनच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं, तिसऱ्या मजल्यावर आयसीयूत. रुपाली सीताबर्डीला कपड्यांच्या दुकानात कामाला आहे. ती दुकानातून थेट यायची, माझ्यासाठी डबा घेऊन. "दादा, खाऊन घ्या. तुम्ही होते म्हणून वेळेवर आणलं ह्यायले. नाही तर काय झालं असतं..." ती हे रोज म्हणायची आणि मी तिच्यासमोर बसून पोळी गिळायचो.

नवव्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी बोलावलं. मेंदूची सूज उतरत नाहीये, घरच्यांना बोलावून घ्या म्हणाले. रुपाली भिंतीला टेकून खाली बसली. मी तिला काही न बोलता जिन्याकडे गेलो आणि वर चढत सुटलो. पाचव्या मजल्यानंतर गच्ची. गच्चीवर मी काहून चाललो होतो ते लिहीत नाही, समजून घ्या.

दाराला कुलूप होतं. मोठं, गंजलेलं. मी ते ओढलं, दारावर लाथा मारल्या. मग दाराला पाठ लावून तिथेच बसलो, गुडघ्यात डोकं घालून. जिन्यावरचा पत्रा तापला होता, श्वास घ्यायला जड जात होतं. किती वेळ गेला माहीत नाही.

मग कोणीतरी बाजूला बसलं.

पावलं ऐकू आली नव्हती. मला वाटलं वॉर्डबॉय असेल. मान न उचलता मी फक्त पाय पाहिले. अनवाणी, धुळीने भरलेले, टाचांना भेगा. उन्हात लांबून चालत आलेल्या माणसाचे असतात तसे.

तो म्हणाला, "फोन कोणाचा होता गा?"

मी म्हटलं, "कोणता फोन?"

"ज्याच्यासाठी खाली पाह्यलं."

ही गोष्ट जगात कोणालाच माहीत नव्हती. त्याने घाई केली नाही. शेवटी मी बोललो. "कोणाचाच नव्हता. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपवर कोणीतरी गुलाबाच्या फुलाचा फोटो टाकला होता... शुभ दुपार म्हणून." एवढं बोललो आणि मी फुटलो. आई गेली तेव्हाही असा रडलो नव्हतो.

त्याने माझ्या मानेवर हात ठेवला. खरखरीत हात, कामाचा. म्हणाला, "एकटाच उचलून राहिला इतके दिवस. दे माह्यापाशी. आता खाली जा अन् तिले खरं सांग."

"ती मले माफ नाही करणार."

"नाही करणार कदाचित. तरी जा. मी आहो सोबत."

मी विचारलं, "तुम्ही कोण?"

"येशू," तो म्हणाला. आपण आपलं नाव सांगतो ना, तितकं साधं. मी डोळे पुसून मान वर केली, तर बाजूला कोणी नव्हतं. मानेवर हात मात्र होता... म्हणजे त्याचं वजन होतं. ऊब होती. मी उठून उभा राहिलो तरी होती.

कुलूप तसंच होतं. खाली जायला जिना एकच. तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी सिक्युरिटीच्या मावशी बसल्या होत्या. मी विचारलं, आत्ता वरून कोण उतरलं? "कोणीच नाही. तुम्हीच गेले होते धावत," त्या म्हणाल्या, "मले तुमचीच भीती वाटून राहिली होती."

मी रुपालीसमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. फोन, फोटो, कुत्र्याचं खोटं. ती ओरडली नाही. माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "जा तुम्ही इथून. मले तोंड नका दाखवू." पोलिसांकडेही जाऊन जबाब बदलला. केस अजून चालू आहे.

पाच दिवसांनी नितीनने डोळे उघडले. याला मी चमत्कार म्हणत नाही. त्याच्या बाजूच्या बेडवरच्या काकांची बायको रोज दवाखान्यातल्या चॅपलमध्ये गुडघे टेकून बसायची, आणि ते काका त्याच आठवड्यात गेले. नितीनचा उजवा हात आजही उचलला जात नाही, शब्द अडकतात.

नऊ दिवस धड न झोपलेल्या, धड न जेवलेल्या माणसाला भास होतो, हे मला माहीत आहे. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मीच खाली तशी कॉमेंट टाकली असती. पण भास माणसाला त्याला हवं ते सांगतो ना? मला जे सांगितलं गेलं ते मला मरण आलं तरी नको होतं.

तेव्हापासून मी त्याच्याशी बोलतो. रोज. बाबांना सांगितलं तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत. "बापानं माह्या सारं सोडलं, अन् तू कोणाचा हात धरून राहिला?" मी म्हटलं, बाबा, मी काही सोडलं नाही. त्यांना ते पटलं नाही. मलाही नीट मांडता आलं नाही.

रुपाली जवळजवळ तीन वर्षं बोलली नाही. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. तिला दुकानातून सुट्टी नव्हती, नितीनला व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं होतं. "न्याल का?" एवढंच. आता दर शुक्रवारी मी त्याला ऑटोने नेतो.

त्या जिन्यावरचं मी नितीनला सांगितलं होतं. मागच्या शुक्रवारी ऑटोत तो एकेक शब्द जुळवत म्हणाला, "दादा... तो खरंच आला होता?"

"हो."

तो बाहेर पाहू लागला. मग म्हणाला, "मंग माह्यापाशी काहून नाही आला? मी तं खालीच होतो."

त्या संध्याकाळी मी त्यालाच विचारलं, ज्याच्याशी रोज बोलतो त्याला. त्याने अजून सांगितलेलं नाही. मी रोज विचारतो.