गिरणीवाल्या मावशींचा राग

ओतूरला आमच्या गल्लीत पिठाची गिरणी चालवणाऱ्या मावशी राग आला की कुणाला काही बोलत नाहीत. गिरणी सुरू करतात आणि तिच्या घरघराटात मनसोक्त ओरडून घेतात. ओठ हलताना दिसतात, पण शब्द एकही ऐकू येत नाही. मग पदराने तोंडावरचं पीठ पुसून गोड आवाजात म्हणतात, "बोला भाऊ."

परवा दळण घेऊन आलेले एक भरघोस मिशांचे पाहुणे आम्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, मागच्या खेपेला माजं पीठ कमी भरलं. तुमीच काढून घेतलं."

मावशी लालबुंद झाल्या. त्यांनी गिरणी सुरू केली, ओरडायला तोंड उघडलं आणि नेमकी लाईट गेली.

"तुज्या मिशीत उंदरं नांदू देत!"

पाहुण्यांचा हात आपसूक मिशीवर गेला. ते बघून मावशींनाच आधी हसू फुटलं आणि त्या पोट धरून पोत्यावर बसल्या. मग आम्हीही हसलो, पाहुणेसुद्धा.

"अजून हाय का काय पोटात?" पाहुण्यांनी विचारलं.

"हाय की," डोळे पुसत मावशी हळू म्हणाल्या. "पन ते वरडायचं न्हाई. तुमचं पीठ म्या घेतलं न्हाई, भाऊ. लई लागलं मला."

पाहुण्यांनी हात जोडले. "चुकलं माजं."

लाईट बराच वेळ आली नाही, पण आमच्यातलं कुणी घरी गेलं नाही.