गालातला घास

"तोंड उघड."

ती लेकराला एवढंच म्हणायची. हनुवटीखाली दोन बोटं लावायची, मान उजेडाकडं वळवायची आणि बाजारात बैलाचे दात बघावेत तशी तोंडात बघायची. तोंड रिकामं दिसलं की, "जा. उद्या ये." गालात काही दिसलं की, "गिळ. माह्यासमोर गिळ."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचा राग येतो, आणि त्यांच्यावाचून कामही अडतं.

निजामाचं राज्य होतं आणि तिकडं कुठं लढाई चालू होती. गावातली बरीच ज्वारी सरकारनं सक्तीच्या लेव्हीत नेली. उरली ती ज्यांच्या जमिनीखालच्या पेवात होती, त्यांच्याच पेवात राहिली. मजुरांची लेकरं तरोट्याचा पाला उकडून खात होती. तेव्हा कुठं सरकारला जाग आली आणि डोंगरकड्याजवळच्या आमच्या गावात लेकरांसाठी ज्वारीच्या कण्या शिजवायचा हुकूम निघाला.

एवढं मोठं भांडं गावात एकच होतं, दर्ग्याची देग. काही बाया म्हणाल्या, "आमची लेकरं दर्ग्याच्या भांड्यातलं खायची न्हाईत."

ती म्हणाली, "नका पाठवू. तेवढंच दुसऱ्याला व्हईल."

आठवडा लोटायच्या आत त्याच बाया लेकरांना पुढं ढकलत होत्या.

ती विधवा होती. लग्नाकार्यात रांधायला जायची, म्हणून देग तिच्याच अंगणात मांडली. मी गावात नवी सून. सासूनं मला तिच्या हाताखाली घातलं. जळण आणायचं आणि देग घासायची. मजुरी नव्हती. बुडाला लागलेली खरवड तेवढी माझी. करपलेली, कडू. पहिल्या दिवशी मी लाजले, तर म्हणाली, "खा बिनघोर. खरवड खाल्ली की लग्नात पाऊस पडतो म्हणतेत. तुहं लगीन तर झालं. आता पडला तर गावाचं भलंच व्हईल."

हसली नाही. ती विनोद करून हसत नसे.

हुकुमात एक अट होती. लेकरानं तिथंच बसून खायचं, घरी काही न्यायचं नाही. पण घरी कुणाचं रांगतं भावंड असायचं, कुणाची आई अंथरुणाला खिळलेली. लेकरं शेवटचा घास गालात धरायची आणि तोंड मिटून पळायची. म्हणून ती अंगणाच्या दारात बसायची.

मी एकदा विचारलं, "मावशी, काहून एवढं? नेला तर नेला एक घास."

"एक घास गेला, की पेववाले बोंबलतील. लेकराच्या नावानं मायबाप खाऊन राहिले म्हणतील. मंग देग पालथी. मंग सगळ्याच लेकरांनी काय खायचं? तुही खरवड?"

तिचं म्हणणं खरं निघालं. तक्रार गेली आणि तहसीलचा साहेब आला. पारावर सगळा गाव जमला. आमच्याकडचा एक मोठा जमीनदार उभा राहिला.

"साहेब, फुकटच्या कण्यांनी माणसं माजून राहिली. रानात निंदायला बाई मिळंना. लेकरांना खाऊ घालायचं काम मायबापाचं, का सरकारचं?"

अत्तार म्हणून एक म्हातारा दुकानदार होता. तो बसूनच बोलला, "कण्या लेकरं खातेत, मालक. पोट तुमचं काहून दुखून राहिलं?"

लोक हसले. साहेब हसला नाही. त्यानं तिला विचारलं, "बच्चे घर को लेके जाते क्या?"

"न्हाई साहेब. मी तोंड बघते."

"दिखाओ."

लेकरं नुकतीच जेवून पारापाशी आली होती. तिनं हाताला आली ती पोरगी ओढली. सहा-सात वर्षांची असेल. "तोंड उघड."

पोरगी उघडेना. उजवा गाल फुगलेला. तिचा तान्हा भाऊ आजारी होता, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. सगळा गाव बघत होता. तिनं पोरगीला लोकांकडं पाठ करून धरलं आणि नाक दाबलं. मी बाजूलाच होते. घास घशातून खाली उतरताना मला दिसला.

मग तिनं पोरगीला साहेबाकडं वळवलं. तोंड उघडं होतं.

"साफ हाय, साहेब."

देग वाचली. पोरगीचा भाऊ त्याच आठवड्यात गेला. त्या एका घासानं तो वाचला असता, असं मी म्हणत नाही. एका घासानं कुणी वाचत नाही.

पोरगी पुन्हा आली, जेवली आणि कुणी न सांगता दारात येऊन तिच्यासमोर आ करून उभी राहिली. म्हणाली, "बघा. आता कुणाला न्यायचं न्हाई."

तिनं बघितलं नाही. "जा," म्हणाली. "उद्या ये" म्हणायची राहिली.

त्यानंतर ती दारात बसलीच नाही. लेकरं उठायला लागली की दाराकडं पाठ करायची आणि रिकाम्या देगेत पळी फिरवत राहायची. लेकरं गाल फुगवून जायची.

मी म्हटलं, "मावशी, देग पालथी व्हईल."

"व्हऊ दे."

झाली. जमीनदाराच्या गड्यानं गल्लीत एक लेकरू धरलं आणि गालातल्या कण्यांसकट कचेरीत नेऊन उभं केलं. हुकूम फिरला. देग मीच घासून दर्ग्यात पोचवली. त्या दिवशी खरवड नव्हती. पुढं किती तरी लेकरं भुकेनं गेली. पारावर वाद मात्र चालूच राहिला. आधी तिला कैदाशीण म्हणणारेच आता म्हणायला लागले, "बाई ढिली पडली, म्हणून बंद झालं."

निजाम गेला त्या साली ती खाटेला लागली. मी पातळ कण्या करून नेल्या आणि चमच्यानं भरवल्या. भांडं बाजूला ठेवून बघते, तर उजवा गाल फुगलेला.

"मावशी, गिळा."

गिळेना. मी तिच्या हनुवटीखाली दोन बोटं लावली, मान उजेडाकडं वळवली. "तोंड उघडा."

तिनं उघडलं. दिलं होतं तेवढं सगळं तिथंच होतं. नजर दाराकडं.

मी तळहात पुढं धरला. तेव्हा तिनं घास सोडला.