आलंगेलं वहिनी

तिचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. नवरा गच्चीवर डिश फिरवायचा आणि ती खाली गिऱ्हाइकाच्या टीव्हीसमोर उभी राहून खिडकीतून ओरडायची, "आलं... आलं... गेलं! मागे घ्या!" त्यावरून सगळे तिला आलंगेलं वहिनी म्हणू लागले. आधी तिला राग यायचा. पुढे पुढे कुणी नावाने हाक मारली की तीच दचकायची.

नवरा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याने बसवलेली पहिली डिश आठ फुटी होती, जाळीची. जिन्यातून चढवताना दोन्ही भिंतींचा रंग खरवडून निघाला. लोक तिला छत्री म्हणत.

"एवढं धूड कशाला?" तिने विचारलं होतं.

"छत्तीस हजार किलोमीटरवरून येताना सिग्नल पार क्षीण होतो गं. थेंब थेंब गोळा करून मधल्या त्या डब्यात सोडायचा, तर भांडं पसरट नको?"

हे तिला पटलं.

त्या काळातलं एक काम ती अजून सांगते. कोपऱ्यावरच्या शिंप्याची मुलगी उंच उडीच्या स्पर्धेला परदेशी गेली होती. स्पर्धा दुपारी चारला, आणि दाखवणार फक्त एक परका चॅनल. तो उपग्रह पश्चिमेला अगदी खाली, आणि शिंप्याच्या गच्चीवर नेमकी त्याच बाजूला पाण्याची टाकी. शेवटी शेजाऱ्यांच्या हातापाया पडून छत्री त्यांच्या गच्चीवर नेली आणि वायर गल्लीवरून शिंप्याच्या खिडकीत आणली. चारला दहा कमी, तरी पडद्यावर नुसत्या मुंग्या. शिंपी गळ्यात टेप अडकवून मशीनच्या स्टुलावर बसलेला.

"सावल्या हलतायत, बाकी काही नाही!" वहिनी ओरडली.

"मग दिशा बरोबर आहे! लहरी आडव्या येतायत की उभ्या, तेवढंच बघायचंय. डबा फिरवतो!"

डबा चतकोर फिरला आणि मुंग्या गेल्या. हिरवं मैदान दिसलं, आणि धावत येणारी ती मुलगी. आडवी काठी पडली. खोलीतले सगळे हळहळले. शिंपी मात्र पुढे वाकून बघत होता.

"जर्सी खांद्यात घट्ट होतेय तिला," तो म्हणाला. "हात मोकळा उचलता येत नाहीये." आणि त्याने टेपच्या टोकाने डोळे पुसले.

दुसऱ्या उडीला ती पार गेली. शेवटी नववी आली. पण वहिनीला खिडकीतून काही सांगायचं भानच राहिलं नाही. नवरा वर उन्हात ओरडत राहिला, "अगं, दिसतंय का? जिवंत आहात ना सगळे?"

मग उपग्रह जास्त ताकदीचे झाले. छत्री आक्रसत आक्रसत परातीएवढी झाली. मुंग्या संपल्या, डिजिटल चित्र एकतर लख्ख दिसायचं, नाहीतर त्याचे चौकोन पडायचे. पूर्वी एका चॅनलला लागायची तेवढ्या जागेत दहा मावू लागले. आणि एक दिवस नवऱ्याने मुठीत मावणारा मीटर आणला. सिग्नल सापडला की तो टूं करायचा.

"आता तुला दगदग नको," तो खुशीत म्हणाला.

ती "बरं झालं" म्हणाली आणि त्या दिवशी घरात भांडी जरा जास्तच आपटली.

पण स्वस्थ बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने दुकानातला फोन हाती घेतला. "चौकोन दिसतात की पडदा निळा आहे? मागची वायर घट्ट पिळा. नाही हो, टीव्हीची नाही, बॉक्सची!" निम्म्या तक्रारी ती जागेवरूनच मिटवायची. नवऱ्याचे जिने वाचले आणि गुडघेही.

आता लोक इंटरनेटवर बघतात. फोन क्वचित वाजतो. परवा एका जुन्या लॉजमालकाने गच्चीवरची मोठी छत्री काढून न्यायला सांगितलं. नवरा निघाला, आणि दारातून वळून म्हणाला, "चल ना तूही."

"मी कशाला? मीटर आहे की."

"मीटर अचूक आहे, तक्रार नाही. पण पंचवीस वर्षांत एकदाही त्याने 'दमलात का' म्हणून विचारलं नाही."

ती चपला शोधायला आत गेली. दुपारभर दोघं त्या गच्चीवर होती. गंजलेले नट सुटेनात, तेव्हा तिने तेल सोडलं आणि त्याने पान्हा धरला. जाळी गुंडाळून झाल्यावर ती टाकीच्या सावलीत बसली.

"दमलात का?" तिने विचारलं.

"दमलो," तो म्हणाला आणि तिच्याशेजारी टेकला.