भिंतीला भोक पाडायचं नाही

खिडकीला पडदा तर पाहिजे, पण भिंतीला भोक पाडायचं नाही, असं एखादी बाई म्हणाली तर तुम्ही तिला काय म्हणाल? हट्टी? चिंगूस? की डोक्यावर परिणाम झालेली? अकोल्यात सुंदराबाईच्या गल्लीनं तिला ही तिन्ही नावं ठेवून झाली होती. दुसऱ्याच्या घरातलं दुःख ओट्यावर बसून निवडायला लोकांना सूपही लागत नाही.

सुंदराबाईनं उभी हयात कापसाच्या जिनिंगमध्ये रुईतली पत्ती वेचली. नवरा श्रावण कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत होता. दोघांनी मिळून दोन खोल्या बांधल्या, एक पूर्वेची आणि एक पश्चिमेची. श्रावण बोलका माणूस. विहारात रविवारी पोरांना जमवायचा आणि सांगायचा, "भूत दाखवा बे मले एखादं. दाखवलं तं चहा पाजतो, वरून समोसाबी देतो." पोरं हसायची. त्याचा चहा कोणाला प्यायला मिळाला नाही.

लेक माधवीचं लग्न ठरलं तेव्हा पश्चिमेच्या खोलीत पाहुणे बसणार म्हणून श्रावणनं पडदे आणले. मिस्त्री कशाला, म्हणत शेजाऱ्याची ड्रिल मशीन मागून आणली आणि खिडकीच्या वर स्वतःच भोक पाडलं. भिंतीतून एक ठिणगी उडाली, घरातली लाइट गेली. फ्यूज उडाला होता. आपल्याकडे फ्यूज उडाला की माणूस काय करतो? तार जाड टाकतो. श्रावणनंही तेच केलं. लाइट आली, पडदा लागला, पाहुण्यांनी पडद्याचं कौतुक केलं, माधवी नांदायला बडनेऱ्याला गेली.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच खिडकीला, लोखंडी गजांना टेकवून, कूलर बसला. वऱ्हाडात कूलर म्हणजे घरातलं एक माणूसच. त्याला पाणी पाजावं लागतं. दुपारची वेळ, ओली फरशी, अनवाणी पाय, हातात पाण्याची नळी, आणि कूलर चालूच. बोर्डातली पिन काढून पाणी भरणारा माणूस मी तरी आजवर पाहिला नाही. सुंदराबाई पूर्वेच्या खोलीत ज्वारी पाखडत होती. तिला नळी पडल्याचा आवाज आला. ती येईपर्यंत संपलं होतं.

सगळे म्हणाले, कूलरनं खाल्लं. कूलर भंगारात गेला. पडदा उतरवला. भिंतीला नवा रंग दिला. आणि सुंदराबाई एकटी राहिली.

कूलर पुन्हा घरात येणं शक्यच नव्हतं. मग ती आपल्याकडची जुनी युक्ती करू लागली. दुपारी चादर बादलीत बुचकळायची आणि पश्चिमेच्या खिडकीवर टाकायची. चादरीतून गार झुळूक येते, पाणी भिंतीवरून निथळत खाली येतं. अशीच एक दिवस चादर सरकवताना तिच्या हाताचा मागचा भाग गजाला लागला आणि झिणझिण झालं. कोणी बोटांवरून हळूच बोटं फिरवावीत तसं. तिनं हात ओढला. खोलीत कोणी नव्हतं. कूलर नव्हता, वायर नव्हती, जवळपास बोर्डही नव्हता. वेळ तीच, श्रावण गेला ती.

दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम हात लावला. पुन्हा तेच.

ती घाबरली का? तिथंच तर गोम आहे. ती घाबरली नाही. घाबरली असती तर बरं झालं असतं.

जेवण झालं, चादर टाकली, की ती गजाला हात टेकायची. आधी काही नसायचं. चादरीचं पाणी भिंतीत मुरेपर्यंत वाट पाहायची, आणि मग हळूहळू ते यायचं. "आले का?" ती विचारायची. मग त्याला कालपासूनचं सगळं सांगायची. जिनिंगमध्ये कोणाशी भांडण झालं, पार्बताबाईनं पुन्हा वाटी परत दिली नाही, माधवीचा फोन आला होता. कधी झिणझिण जोरात यायची, तेव्हा तिला वाटायचं आज रागात आहेत. पावसाळ्यात भिंत ओली असायची तेव्हा ते दिवसभर घरात असायचे.

हे ती कोणाला सांगणार? ज्या माणसानं आयुष्यभर भूत नाही म्हणून सांगितलं, त्याचंच भूत झालं असं त्याची बायको विहारात जाऊन बोलणार? शेजारच्या पार्बताबाईनं एकदा दारातून तिला गजाशी बोलताना पाहिलं. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं, "सुंदराबाई फिरली वं." तब्येत कशी आहे, असं विचारायला एकही जण आला नाही.

मग माधवीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. पण दिवस भरत होते नेमके वैशाखात. अकोल्याचा वैशाख मी तुम्हाला काय सांगू? तिची सासू म्हणाली, कूलर नाही, पंखा गरम वारा फेकतो, तिथं ओल्या बाळंतिणीला कसं पाठवायचं? माधवी पोटाचा भार सांभाळत खोली पाहायला आली. तिनं ओल्या चादरीचा वास घेतला, भिंतीला आलेली बुरशी पाहिली.

"माय, असं नाई चालनार. या वल्यानं लेकराले सर्दी होईन. खिडकीले कूलर नको म्हनते तं नको. मी बडनेऱ्याहून टेबलाचा कूलर आनतो, तो मधात ठेवू. पन या उन्हाले आडोसा तं कर. चांगलं ब्लाइंड लाव. नाईतं मंग बडनेऱ्यातच होऊ दे माह्यं बाळंतपन."

"लावतो ना. पन भितीले भोक पाडू देनार नाई."

"काहून?"

"नाई म्हनलं ना."

तिला भीती होती ती एकच. भिंतीत मशीन फिरली आणि आतला माणूस निघून गेला तर? एकीकडे लेक आणि येणारं लेकरू, दुसरीकडे भिंत. तिला दोन्ही हवं होतं. म्हणून तिनं टिळक रोडवरच्या मनोजला गाठलं. मनोज पडदे आणि खिडकीत वर-खाली सरकणारी घडीची ब्लाइंड विकायचा, मापं घ्यायला घरी यायचा. बोलण्यात वस्ताद.

"काकू, आता भोक पाडायचा जमानाच गेला. भाड्याच्या घरात राहनारे काय करत असतीन? हे पाहा, चिकटनारं. मागचा कागद काढा, दाबा, झालं. बिनाखिळ्याचं, बिनास्क्रूचं."

"पडलं तं?"

"पडलं तं माह्यं नाव बदला."

चिकटणारं ब्लाइंड सकाळी लागलं. पातळ, घड्याघड्यांचं, खोली एकदम मऊ उजेडाची झाली. सुंदराबाईनं त्या दिवशी चादर टाकली नाही. दुपारी ऊन पश्चिमेकडे कललं, भिंत तव्यासारखी तापली, पट्टीचा गोंद वितळला आणि ब्लाइंड धाडकन खाली आलं. सुंदराबाई डोळा लागून पडली होती. दचकून उठली. उघड्या खिडकीतून पांढरं ऊन थेट तिच्या तोंडावर. तिनं भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाई आवडलं ना तुमाले? कळलं."

मनोज आला तेव्हा ती म्हणाली, "सांग मंग, काय नाव ठेवू तुह्यं?"

"काकू, गोंद पुन्याचा हाय, त्याले अकोल्याचं ऊन मालूम नाई. हे घ्या, चुंबकाचं. तुमचे गज लोखंडाचे, टपकन बसते."

"गज झाकायचे नाई."

"आँ? मंग खिडकी कशी झाकायची?"

"ते तू पाह्य. मले गजापर्यंत हात घालता आला पाहिजे."

मनोजनं डोकं खाजवलं. गिऱ्हाईक विचित्र, पण पिशवी रिकामी व्हायची होती. "मंग स्प्रिंगची दांडी. खिडकीच्या कोनाड्यात या भितीपासून त्या भितीलोक. फिरवली की दोन्हीकडून ताणून धरते. गज मागं मोकळे. वर सारा, खाली सारा. रविवारी आनतो."

रविवारी माधवीही येणार होती, खोली बाळंतपणाजोगी झाली का ते पाहायला. धर्मेंद्र, तिचा नवरा, तिला रेल्वेतून उतरवून रिक्षानं घरी सोडून कामाला गेला. सुंदराबाईनं आदल्या दिवसासारखीच चादर टाकली होती. आजनंतर चादर लागणार नाही, असं तिनं गजाला सांगितलंही होतं. "ब्लाइंड लागते आता. पन तुमी येत जा," असं.

मनोज दांडीचं टोक फिरवत होता. माधवी खाली गादीवर बसली होती. तिला उठायचं होतं. आठव्या महिन्याचं अंग, तिनं आधारासाठी हात वर केला आणि खिडकीचा गज धरला.

"आई गं!"

तिनं हात झटकला आणि भिंतीपासून मागं सरकली. "माय, याच्यात करंट हाय!"

आता इथं सुंदराबाईचा चेहरा पाहायला हवा होता. मनोजनं पाहिला, त्यानंच मला सांगितलं. त्या बाईच्या तोंडावर आधी आनंद आला. लग्नात येतो तसा. "तुलेबी आले?" तिनं विचारलं.

"कोन आले?"

"तुहे बाबा."

चादरीतून पाणी टिपटिप पडत होतं. माधवी आईकडे पाहत राहिली, मग भिंतीकडे, मग आईच्या हाताकडे.

"माय, तू रोज हात लावते?"

सुंदराबाईनं मान हलवली.

"बोलते त्यायच्याशी?"

पुन्हा मान हलली.

माधवी रडली नाही. तिला राग आला. बापावर गेली होती ती. "माय, आयक. बाबा असे धरत नवते कोनाले. बाबाले ज्यानं धरलं ना, तो हाय हा. बाबा नाई. तोच हाय भितीत अजून. आन तू त्याच्याशी बोलून राहिली!"

सुंदराबाई जागच्या जागी खाली बसली. एवढे दिवस ती ज्याला पार्बताबाईच्या वाटीचं सांगत होती, ज्याचा राग ओळखत होती, येत जा म्हणत होती, तो कोण होता? आणि त्यानं आत्ता लेकीचा हात धरला होता. पोटातल्या लेकराचाही.

"काकू, बाहेर चला," मनोज म्हणाला. त्यानं मेन स्विच पाडला आणि फोन करून वायरमनला बोलावलं.

वायरमन आल्यावर विचारू लागला, भिंत कुठून फोडू? ज्या बाईनं त्या भिंतीला टाचणी लागू दिली नव्हती, ती उठली. खिडकीच्या वर, जिथं पडद्याची दांडी होती, तिथं तिनं बोट ठेवलं. "इथून फोडा," म्हणाली. "सगळी फोडली तरी चालन."

पुट्टीच्या आत तुटलेला स्क्रू निघाला. दांडी उतरवताना कोणाच्या तरी हातून तो आतच तुटला होता आणि वरून रंग फासला गेला होता. त्याचं टोक अजून वायरीत रुतलेलं. भिंत भिजली की तिथून खिडकीच्या चौकटीत विजेची गळती व्हायची. कूलर बिचारा भंगारात गेला, आणि ज्यानं मारलं तो नवा रंग लावून घरातच बसला.

वायरमननं नवी वायर ओढली. करंट गळला की आपोआप बंद होणारा स्विच बसवला. अंगणात खड्डा खणून कोळसा, मीठ आणि तांब्याची पट्टी टाकून, गळलेला करंट जमिनीत उतरवणारं अर्थिंग केलं. श्रावणच्या घराला अर्थिंगच नव्हतं. मनोजनं स्प्रिंगची दांडी ताणून बसवली. ती पडली नाही.

माधवी माहेरीच बाळंत झाली. मुलगी. टेबलाचा कूलर खोलीच्या मधोमध, पाणी भरताना पिन हातात, हा त्या घरातला आता कायदा आहे. ब्लाइंड खाली ओढलं की पश्चिमेचं ऊन बाहेर उभं राहतं. वारा आला की ब्लाइंड आत फुगतं, बाहेर जातं, फुगतं, जातं. बाळ त्याकडे टक लावून पाहतं.

आणि सुंदराबाई? तिच्याकडे मी गेलो होतो, दुपारचाच. तिनं चहा दिला. बोलता बोलता तिचा हात ब्लाइंडच्या मागं गेला. तिला कळलंही नसावं. थोडा वेळ तिथं थांबला आणि परत आला.

"काही नाई," ती म्हणाली. "नुसतं लोखंड." मग म्हणाली, "भाऊ, ते नवते, तो करंट होता, हे मले समजते. पन घर सुनं झालं." एवढं बोलून ती उठली आणि बाळाला घेऊन बसली.

मी त्या बाईला हसलो नाही, तुम्हीही हसू नका. तिला हसायला गल्ली पुरेशी होती. गल्लीतल्या एकानं नुसता टेस्टर घेऊन दारात पाय ठेवला असता तर तेवढ्यानं भागलं असतं. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, तुमच्या शेजारी कोणी एकटं माणूस कूलरला, फ्रिजला, नळाला, गजाला हात लावला की काही होतंय असं म्हणत असेल, तर त्याला वेडं ठरवू नका. आजच वायरमनला सोबत घ्या आणि त्याच्या दारावर थाप मारा.