पोशीरचे तांदूळ, आमचे बोंबील

"बोंबील वाळवायचे बांबू यंदा काढून टाकू," आई म्हणाली. आमच्या कोळीवाड्याचा इतिहास कुठे छापलेला नाही. जो काही आहे तो त्या बांबूंवर टांगलेला. "सुकं घेतंय कोन आता?" असं तिचं म्हणणं. म्हटलं, आधी गिऱ्हाइकाला विचारून येऊ. लहानपणी ती आजीबरोबर नेरळजवळच्या पोशीरला जायची, सुकी मासळी देऊन तांदूळ आणायला. तिथेच जायचं ठरलं.

अलिबागहून सकाळची खोपोली एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट. तिथून खालापूर. आजीच्या काळी टेंपो कोळणींना इथेच उतरवायचा. पुढे डोक्यावर पाटी आणि गावोगाव मुक्काम. आम्ही मात्र वडापाव खाऊन आरामात कर्जत गाठलं, नेरळपर्यंत लोकल, मग रिक्षा. भाडं आधी ठरवा. आम्ही ठरवलं नाही आणि भोगलं.

आजी ज्यांच्याकडून तांदूळ घ्यायची ते पोशीरचं घर आता स्लॅबचं झालंय. ओटीवर त्या घरच्या सुमनकाकू तांदूळ पाखडत होत्या. आजीचं नाव ऐकताच त्यांनी सूप खाली ठेवलं. "द्वारकीची पोर तू? एवढीशी व्हतीस गं."

आईने पेढे पुढे केले. काकूंनी खोका बघितला, मग तिची पिशवी. "आन बोंबील?"

आई ओशाळली. एसटीत लोक नाकं मुरडतील म्हणून कोळणीने मासळीच आणली नव्हती. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

"पेढं नेरळला बी मिळतात," काकू म्हणाल्या. "पावसात आमी खायाचं काय?"

"मावशी, माझ्या हापिसातल्या बायका पन घेतील," आतून त्यांची सून म्हणाली.

चहा घेता घेता काकूंनी जे सांगितलं ते आईलाही ठाऊक नव्हतं. एका वर्षी वादळात आमच्या वाड्याच्या होड्या गेल्या. आजी रिकामी पाटी घेऊन इथे आली. काकूंच्या सासूने ती तांदळाने भरली. "रिकामी पाटी ह्या घरातनं परत जात नाय. तवापासनं सालाचं पयलं बोंबील तुझी आय आमच्याच दारात आनायची."

आई पदराने डोळे पुसत राहिली. आमच्या वाड्याची गोष्ट समुद्रापासून इतक्या लांब, भाताच्या गावाने जपली होती. निघताना काकूंनी आईची पिशवी ओढून घेतली आणि तांदळाने गच्च भरली.

घरी परतल्यावर मी मुद्दाम विचारलं, "बांबू काढायला शिडी लावू?"

आई तोच तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हात लावू नको त्यांना. तांदूळ घेतलाय आपन."