कुठं सोडलंस?

प्रेमला कांबळे दर शनिवारी मुलांच्या खोलीत स्टुलावर बसायच्या आणि ऐकायच्या. स्वारगेटच्या मागच्या त्या सार्वजनिक वाचनालयात मुलं वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलत. इतर ठिकाणी लगेच तात्पर्य विचारतात, इथं तसली कटकट नव्हती. पुस्तक अर्ध्यावर टाकलं तरी चालायचं, फक्त कुठं सोडलं आणि का, ते सांगायचं. वाचताना घाई करायची नाही, एवढा एकच नियम प्रेमलाताईंनी घालून दिला होता.

त्या शनिवारी मात्र त्यांच्या जिवाची नुसती घालमेल चालली होती. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांचं वारं शहरात शिरलं होतं, ज्याला त्याला आपलं पोर कॉम्प्युटरवर बसवायचं होतं, आणि वाचनालयाची समिती हीच खोली कॉम्प्युटर क्लासला द्यायला निघाली होती. शेवटचा शब्द कार्यवाह गोपाळकृष्ण मेहेंदळ्यांचा. ते मागच्या बाकावर येऊन बसले होते. मुलं वाचायला येतात की पंख्याखाली बसायला, ते आज बघतो, असं त्यांनी आल्या आल्या ऐकवलं होतं. ताईंनी मुलांना काही पढवलं नव्हतं. पढवायला हवं होतं, असं आता राहून राहून वाटत होतं.

आणि नेमकी अक्षता उठली. चौथीतली पोर, कात्रजहून आईबरोबर बसनं यायची. एका कुत्र्याची गोष्ट मोठी रंगवून सांगत होती, आणि मध्येच थांबली. इथं सोडलं, म्हणाली.

झालं! ताईंनी हळूच मागच्या बाकाकडे पाहिलं.

"सोडलं?" मेहेंदळे म्हणाले. "वा. मग पुढचं कोण सांगणार, कुत्रा?"

कुणीच हसलं नाही. अक्षतानं पुस्तक छातीशी धरलं. कुत्रा आजारी पडलाय, पुढं मरेल अशी भीती वाटते, मोठी झाले की वाचीन, असं तिनं सांगितलं. मग ताईंकडे वळली.

"तोवर पुस्तक इथंच असेल ना?"

हो म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण मुलांशी ताई कधी खोटं बोलल्या नव्हत्या.

"ते मला नाही गं सांगता येणार," त्या म्हणाल्या. "त्या आजोबांना विचार."

सगळी पोरं मागं वळली. मेहेंदळ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"पुढच्या शनिवारी येतो मी," ते म्हणाले. "तोवर वाचून टाक."

अक्षतानं नाही म्हणून मान हलवली.

"इथं घाई करायची नसते, आजोबा."

मेहेंदळ्यांनी तिच्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं. मग ताईंकडे न बघताच उठले.

"म्हणजे क्लासवाल्यांनाच थांबायला सांगावं लागणार," ते म्हणाले.